एका शरीरात दोघांच्या पेशी
रक्ताचा रिपोर्ट वाचण्यापूर्वी हे समजून घ्या



१४ एप्रिलला वस्तीत रक्तदान शिबिर भरते, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना स्वतःचा रक्तगट पहिल्यांदा कळतो. कार्डावर एकच गट लिहिलेला असतो. पण १९५३ साली इंग्लंडमध्ये रक्तदान केलेल्या एका महिलेच्या रक्तात ‘ओ’ आणि ‘ए’ असे दोन गट मिसळलेले आढळले. तपासणाऱ्यांना आधी आपलीच चूक वाटली. मग तिला विचारण्यात आले, “तुम्ही जुळ्या आहात का?” तिला एक जुळा भाऊ होता. तो तीन महिन्यांचा असतानाच वारला होता. त्याचे रक्त मात्र बहिणीच्या अंगात अजून तयार होत होते!

हे कसे घडते?

आपले शरीर एका फलित बीजापासून बनते. आईचे स्त्रीबीज आणि वडिलांचे पुरुषबीज एकत्र आले की एक पेशी तयार होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार असे करत अब्जावधी पेशी होतात. प्रत्येक नव्या पेशीत त्याच ४६ गुणसूत्रांची नक्कल जाते. म्हणून रक्त तपासा की कातडी, जनुकांची ओळख साधारणपणे एकच येते. याला दोन अपवाद आहेत.

पहिला अपवाद काइमेरिझम. यात एकाच शरीरात दोन वेगवेगळ्या फलित बीजांच्या पेशी राहतात. गर्भात कधी जुळ्यांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि एकाच्या रक्त बनवणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या हाडातील मज्जेत जाऊन वसतात. इंग्लंडच्या त्या महिलेचे असेच झाले होते. क्वचित अगदी सुरुवातीच्या दिवसांत दोन गर्भ एकमेकांत मिसळतात आणि एकच बाळ जन्माला येते.

दुसरा अपवाद मोझेइक. येथे बीज एकच असते. पण गर्भ वाढताना एखाद्या पेशीच्या विभागणीत चूक होते. त्या पेशीपासून पुढे बनलेल्या साऱ्या पेशींत ती चूक उतरते, बाकीच्या पेशी नेहमीसारख्या राहतात. जुन्या घरातली मोझेक लादी आठवा. लादी एकच, पण त्यात खडे निरनिराळ्या रंगांचे. चूक जितकी लवकर होईल, तितका शरीराचा मोठा भाग वेगळा होतो.

काही बाळांच्या कातडीवर जन्मापासून फिकट किंवा गडद पट्टे दिसतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. डाऊन सिंड्रोमच्या थोड्या मुलांमध्येही काही पेशींत ४७ आणि काहींत ४६ गुणसूत्रे असतात. अशा वेळी केवळ रक्त तपासून भागत नाही. डॉक्टर कधी कातडीचा नमुनाही मागतात. ही चूक पेशीच्या विभागणीत आपोआप होते. गरोदरपणी आई ग्रहणात बाहेर गेली, तिने अमुक खाल्ले, कुणाची नजर लागली, यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही. आईला बोल लावू नका. बाळाला मात्र डॉक्टरांना दाखवा.

आईच आई नाही?

२००२ सालची गोष्ट. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गरीब आईने सरकारी मदतीसाठी अर्ज केला. नियमाप्रमाणे डीएनए तपासणी झाली. वडील जुळले, पण रिपोर्ट म्हणाला, ही या मुलांची आई नाही. तिच्यावर फसवणुकीचा संशय आला, मुले हातची जाण्याची वेळ आली. ती तेव्हा पुन्हा गरोदर होती. न्यायालयाने बाळंतपणाच्या वेळी साक्षीदार उभा केला. डोळ्यांदेखत जन्मलेल्या त्या बाळाशीही तिचे रक्त जुळले नाही! अखेर तिच्या गर्भाशयमुखातील पेशी तपासल्या आणि त्या मुलांशी जुळल्या. तिच्या शरीरात दोन बीजांच्या पेशी होत्या. आई खरे बोलत होती. कागदाने शरीराचा फक्त एक भाग पाहिला होता.

सिकलसेलच्या घरांनी हे वाचावेच

विदर्भातील आपल्या अनेक घरांना सिकलसेल नवा नाही. काही एसएस रुग्णांवर बोन मॅरो प्रत्यारोपण होते. जुळणाऱ्या भावाची किंवा बहिणीची मज्जा दिली जाते आणि पुढे रुग्णाचे रक्त त्या भावंडाच्या पेशी बनवतात. म्हणजे उपचारातून आलेले हे काइमेरिझमच. रुग्णाच्या काही जुन्या पेशी उरल्या तरी भावंडाच्या पुरेशा पेशी टिकल्यास आजार आटोक्यात राहतो. रक्तगटही बदलू शकतो.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. प्रत्यारोपणाने रक्त बदलते, स्त्रीबीज किंवा पुरुषबीज बदलत नाही. मज्जा देणारी बहीण एए असेल, तर रुग्णाच्या रक्ताचा रिपोर्टही पुढे एए येऊ शकतो. तरीही त्याच्याकडून प्रत्येक मुलाला सिकलचे एक जनुक जाणारच. जोडीदार एए असेल तर मुले एएस, म्हणजे वाहक होतील. जोडीदार एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून लग्न ठरवताना नुसता नवा रिपोर्ट दाखवून थांबू नका. प्रत्यारोपण झाल्याचे सांगा आणि दोघेही डॉक्टरांचा सल्ला घ्या.

लक्षात ठेवा

• दोन कार्डांवर दोन रक्तगट आले तर आधी तपासणीतील किंवा लिहिण्यातील चूक समजा आणि पुन्हा तपासून घ्या. काइमेरिझम फार दुर्मिळ आहे.

• प्रत्यारोपण झालेल्यांनी त्याची कागदपत्रे जपावीत. रक्त घेण्यापूर्वी आणि डीएनए तपासणीपूर्वी ते आवर्जून सांगावे.

• डीएनए रिपोर्ट बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण तो बाकीच्या सगळ्या पुराव्यांशी विसंगत असेल, तर शरीराच्या दुसऱ्या भागाचा नमुना तपासण्याची मागणी करा.

एका रिपोर्टवरून कुणा बाईच्या चारित्र्याचा किंवा आईपणाचा निवाडा करण्याआधी वॉशिंग्टनची ती आई आठवा.