सरस्वतीपुरममधील ‘टी-एच’

म्हैसूर येथील सरस्वतीपुरम या वस्तीचे नाव इंग्रजीत दोन प्रकारे लिहिलेले आढळते. एका रूपात ‘ती’साठी केवळ ‘टी’ हे अक्षर येते, तर दुसऱ्यात त्यापुढे ‘एच’ जोडलेले असते. हे दुसरे रूप पाहून मराठी अनुवादक ‘सरस्वथीपुरम’ असे लिहून जातो आणि मूळ नाव बिघडते.

याचे कारण रोमन लिपीच्या अपुरेपणात आहे. मराठीप्रमाणेच कन्नडमध्येही दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ हे भिन्न वर्ण आहेत. रोमन लिपीत मात्र दोहोंसाठी एकच ‘टी’ उपलब्ध आहे. दक्षिणेत सामान्यतः ‘टी’ हे ‘ट’साठी आणि ‘टी-एच’ हे ‘त’साठी योजतात. गीता, लता या नावांत तिकडे ‘एच’ दिसतो तो यामुळेच. महाराष्ट्रात ‘टी’ हे ‘त’ आणि ‘ट’ या दोहोंसाठी चालते, व ‘एच’ महाप्राण दर्शवितो; उदाहरणार्थ, ठाणे. एका पद्धतीत ‘त’ आणि ‘थ’ यांतील भेद लोपतो, तर दुसरीत ‘त’ आणि ‘ट’ यांतील.

खुद्द इंग्रजीतही या जोडाक्षराचा उच्चार एक नाही. टेम्स नदीच्या नावातील ‘एच’ अनुच्चारितच राहतो.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी म्हैसूरचे अधिकृत इंग्रजी वर्णलेखन बदलून ‘मैसूरु’ या कन्नड उच्चाराशी जुळते करण्यात आले. कन्नड नाव पूर्वीपासून तेच होते. तात्पर्य, इंग्रजी वर्णलेखन म्हणजे नाव नव्हे. देवनागरीत लिहिताना प्रमाण मानावयाचे ते मूळ भाषेतील रूप. अन्यथा एकाच व्यक्तीची दोन कागदपत्रांवर दोन नावे होतात.