वारंवार स्तनपान : स्तन्यक्षय की बालकाचा स्वभाव?

नवजात बालक दर तास-दीड तासाने स्तनपान मागते, रात्रीही थांबत नाही. यावरून 'आईला दूध पुरत नाही' असा निष्कर्ष घरातील मंडळी सहज काढतात. मलकापूर-कराड येथील रुग्णालयांत प्रसूत झालेल्या सूतिका थोड्याच दिवसांत कराड, पाटण अथवा वाळवा तालुक्यातील आपल्या माहेरी परततात. पुढे शंका उद्भवली की नातेवाईक प्रथम गाठतात ते गावच्या वैद्यांना किंवा औषध दुकानदाराला. त्या क्षणी आपण जे सांगतो, त्यावर बालकाचे पुढील सहा महिन्यांचे पोषण पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून या तक्रारीचा विचार शास्त्र आणि व्यवहार अशा दोन्ही अंगांनी येथे करीत आहोत.

शास्त्राधार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात स्तन्यक्षयाची लक्षणे सांगितली आहेत, ती अशी : स्तनांची म्लानता आणि स्तन्याचा अभाव किंवा अल्पता. बालकाचे वारंवार पिणे हे त्यांत नाही. उलट बालकाचा स्पर्श, दर्शन, स्मरण आणि त्यास जवळ घेणे यांनी स्तन्य प्रवृत्त होते व मातेचा अखंड स्नेह हा त्या प्रवाहाचा हेतू होय, असे निदानस्थान सांगते. शारीरस्थानात क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव ही स्तन्यनाशाची कारणे दिली आहेत. 'जरा वेळ पाजू नको, दूध साठू दे' हा घरगुती सल्ला या विवेचनाच्या अगदी विरुद्ध आहे.

शरीरक्रिया

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रही हेच दर्शविते. चूषणाने प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन स्रवतात. स्तन भरलेला राहिला की निर्मिती मंदावते, रिता होत गेला की वाढते. पहिल्या दोन-तीन दिवसांत चीक अल्प प्रमाणात येतो आणि बालकाचे जठरही लहान असते. मातृदुग्धात प्रथिने सुमारे एक टक्का, तर गाईच्या दुधात तीन टक्क्यांहून अधिक असतात. शिवाय मातृदुग्धात केसीनचा अंश कमी असल्याने ते लवकर पचते व बालकास पुन्हा भूक लागते. म्हणून 24 तासांत 8 ते 12 वेळा स्तनपान हे प्राकृत समजावे. सायंकाळी काही तास लागोपाठ पिणे, तसेच दुसऱ्या-तिसऱ्या व सहाव्या आठवड्याच्या सुमारास काही दिवस मागणी वाढणे, हेही अनेक बालकांत आढळते. त्या वाढीव चूषणाने स्तन्य बालकाच्या गरजेनुसार वाढते. काही आठवड्यांनी स्तन मऊ लागू लागतात. त्यास म्लानता समजू नये.

परीक्षण

तथापि वारंवार पिणे हे पुरेशा पोषणाचे प्रमाण नव्हे. निर्णय पुढील बाबींवर करावा.

1. वजन : पहिल्या काही दिवसांत जन्मवजनात 7 टक्क्यांपर्यंत घट सामान्यतः होते, ती 10 टक्क्यांवर गेल्यास दुर्लक्ष करू नये. जन्मवजन साधारण दोन आठवड्यांत भरून यावे व त्यापुढे दररोज 20 ते 30 ग्रॅम वाढ व्हावी.
2. मूत्र : पाचव्या दिवसापासून 24 तासांत किमान सहा वेळा, फिकट रंगाचे.
3. मल : चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळ्याचा पिवळा व्हावा.
4. चूषण : केवळ स्तनाग्र नव्हे, तर त्याभोवतीचा काळसर भागही बालकाच्या मुखात जावा, गिळण्याचा आवाज यावा, मातेस वेदना नसाव्यात.

बालक सुस्त असेल, पिण्यासाठी जागेच होत नसेल, कावीळ वाढत असेल, मूत्र अल्प असेल किंवा ज्वर असेल, तर त्यास विलंब न करता बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. अशा वेळी 'आठ दिवस चूर्ण देऊन पाहू' हा विचार धोक्याचा आहे.

चिकित्सा व विक्री

वरील परीक्षण समाधानकारक असल्यास औषधाची आवश्यकता नाही. सूतिकेस विश्रांती, पुरेसा आहार आणि धीर द्यावा. स्तन्याल्पता खरोखर असल्यास प्रथम चूषणातील दोष दूर करावा व पाजण्याची वारंवारता वाढवावी. त्यानंतरच स्तन्यजनन द्रव्यांचा विचार करावा. चरकोक्त स्तन्यजनन महाकषायात वीरण, शालि, षष्टिक, दर्भ, कुश, काश इत्यादी दहा द्रव्ये आहेत. आज सर्वाधिक खपणारी शतावरी त्यांत नाही. ती सुश्रुताने विदारीकंद, लशुन आदींसह सांगितली आहे. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू हा मातेचा आहार म्हणून योग्यच आहे. बालकास मात्र पाणी, बाळगुटी वा वरचे दूध देऊ नये. जातकर्मात मधु-घृताचा उल्लेख असला तरी मधातून बोट्युलिझमचा संभव असल्याने एक वर्षापर्यंत मध चाटवू नये, हे आजच्या ज्ञानानुसार सांगणे आपले कर्तव्य आहे.

दुधाच्या भुकटीचा डबा मागण्यास आलेल्या गृहस्थास दुकानदाराने एवढेच विचारावे : बालकाने काल किती वेळा लघवी केली, वजन कधी केले? बाटली सुरू झाली की चूषण घटते, चूषण घटले की स्तन्य घटते आणि नसलेली व्याधी खरी ठरते. शिवाय 1992 च्या शिशुदुग्धपर्याय कायद्यान्वये अशा उत्पादनांची जाहिरात, मोफत नमुने व विक्रीवाढीसाठी प्रलोभने निषिद्ध आहेत. 2003 च्या दुरुस्तीने औषध दुकाने व आरोग्यसेवकांच्या संघटनाही त्याच्या कक्षेत आल्या. म्हणजे आपली दुकाने आणि आपली संघटना, दोन्हीही.

तेव्हा व्यवसायबंधूंनी आपल्या चिकित्सालयात बालकांच्या वजनाचा अचूक काटा ठेवावा आणि प्रत्येक सूतिकेच्या नोंदीत बालकाचे जन्मवजन लिहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. या एका नोंदीच्या आधारे बहुतेक शंकांचे निरसन होईल आणि ज्या बालकास खरोखर साहाय्य हवे, ते वेळीच लक्षात येईल.