लेखणे

रेवदंड्यास मी मराठीचा शिक्षक होतो, त्या वेळची ही गोष्ट. सातवीच्या मुलांना 'माझे आजोबा' हा निबंध लिहावयास दिला होता. एका कोळ्याच्या मुलाने लिहिले होते, 'होडीवर गेलो की आजोबा मला मोठ्या माणसांत लेखतात.' हे वाक्य मला खटकले. लेखणे म्हणजे लिहिणे. माणसांत कोणी कोणाला लिहितो काय? मी लाल शाईने तो शब्द खोडला, वर 'समजतात' असे घातले आणि एक गुण कापला.

रात्री मात्र मनाला रुखरुख लागली. 'कमी लेखू नये', 'तुच्छ लेखू नये' असे तर मी स्वतःच वर्गात सांगत असे! अखेर मोल्सवर्थचा कोश उघडला. ह्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली. त्यात 'लेखणे' ह्या क्रियापदाचा अर्थ गणणे, मानणे असा दिलेला होता. मुलगा चुकला नव्हता. चुकलो होतो मी.

मग लिहिण्याच्या शब्दात मोजण्याचा अर्थ आला कोठून? संस्कृतात 'लिख्' ह्या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे असा आहे. दक्षिणेकडे ताडपत्रांवर लोखंडी लेखणीने अक्षरे खरोखरच ओरखडीत असत. ह्या धातूच्या घरातून मराठीला दोन क्रियापदे मिळाली. प्राकृतातून येताना 'ख'चा 'ह' झाला आणि 'लिहिणे' हे रूप सिद्ध झाले. (दधीचे दही आणि गोधूमाचा गहू होताना 'ध'चाही असाच 'ह' झाला आहे.) दुसरे क्रियापद 'लेख' ह्या शब्दावरून आले, त्यातला 'ख' जसाच्या तसा राहिला. ते हे 'लेखणे'. पहिल्याच्या वाट्याला अक्षरे आली, दुसऱ्याच्या वाट्याला हिशेब. आलेला माल वहीत मांडला की तो जमेस धरला जाई. जे लिहिले, तेच मोजले गेले. लेखापाल, लेखापरीक्षण, लेखाजोखा हे सारे ह्याच घरातले शब्द.

लिहिणे आणि मोजणे किती जवळ नांदत होते, हे पाहावयास आम्हांला दूर जावे लागत नाही. रेवदंड्याहून अलिबागच्या वाटेस लागावे; चौल आणि नागाव मागे पडले की आक्षी गाव येते. तेथे एक फार जुना मराठी शिलालेख आहे. त्यावरील काळ शक ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला आहे. तो सर्व अभ्यासकांना मान्य नाही. राजा केसिदेव, त्याचा प्रधान भइर्जू सेणुई. ह्या प्रधानाने महालक्ष्मीसाठी नऊ कुवली धान्य नेमून दिले, असे त्या लेखात आहे. कुवली हे धान्याचे जुने माप. दगडावर 'नऊ' कोरले, म्हणजे आठ नव्हेत आणि दहाही नव्हेत. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी हा एक, आणि आहे तो हिशेब!

धान्याप्रमाणे पुढे माणसेही लेखली जाऊ लागली. एखाद्याला कमी लेखणे म्हणजे जणू त्याच्या नावापुढे लहान आकडा मांडणे. 'माझ्या लेखी' म्हणजे माझ्या हिशेबी. होडीवरच्या आजोबांनी नातवाला मोठ्यांच्या गणतीत घेतले होते. मी घातलेल्या 'समजतात' ह्या शब्दात ती गणती कोठे होती?

दुसऱ्या दिवशी मी ती वही मागून घेतली, माझाच शब्द खोडला, मुलाचा शब्द पुन्हा लिहिला आणि गुण परत दिला. मुलाने वही बराच वेळ न्याहाळली.

"गुरुजी, आजोबांना सांगू का?" त्याने विचारले.

"सांग," मी म्हणालो.

अभ्यास : 'माझ्या लेखी' आणि 'लेखी उत्तर' ह्यांतील 'लेखी' शब्दाचे अर्थ कसे वेगळे आहेत, ते सांगा. 'लेखणे' हे क्रियापद तीन निरनिराळ्या वाक्यांत योजा. घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येणारे, पण पुस्तकात क्वचित आढळणारे दोन शब्द लिहून आणा.