थ्रेड की प्रोसेस? पायथनकरांसाठी करा आणि टाळा

प्रोग्रॅम संथ वाटला की पहिला हात थ्रेडिंगकडे जातो. आठ कोअरच्या मशीनवर आठ थ्रेड सुरू केले, तरी वेळ तेवढाच. नेहमीच्या पायथनमध्ये, म्हणजे सीपायथनमध्ये, ग्लोबल इंटरप्रिटर लॉक (गिल) असतो आणि तो एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देतो. म्हणून थ्रेड की प्रोसेस हे सवयीवर सोडू नका.

काय करावे

- आधी बघा, प्रोग्रॅम कशात अडकलाय. टॉप किंवा टास्क मॅनेजर उघडा. एक कोअर शंभर टक्क्यांना टेकलाय, तर काम गणिताचं आहे. सीपीयू निवांत आणि तरी उशीर, तर नेटवर्क, डिस्क किंवा डेटाबेसची वाट बघणं चाललंय. या एका तपासणीवर पुढचं सगळं ठरतं. ती टाळून लिहिलेला समांतर कोड बहुतेकदा पुन्हा लिहावा लागतो.
- वाट बघण्याचं काम थ्रेडना द्या. उत्तर येईपर्यंत थ्रेड गिल सोडून देतो, तेवढ्यात दुसरा पुढे सरकतो. शेकडो वेबपत्ते तपासायचे असतील, तर प्रोसेस कशाला?
- शुद्ध पायथनमधली जड लूप वेगळ्या प्रोसेसना द्या. प्रत्येकीचा इंटरप्रिटर वेगळा, गिलही वेगळा.
- लायब्ररी काय करते ते वाचा. नमपायच्या बऱ्याच क्रिया आणि हॅशलिबचं मोठ्या डेटावरचं काम गिल सोडून चालतं. तिथे थ्रेडनेही खरा वेग मिळतो.
- कॉनकरंट फ्युचर्स वापरा (पायथन 3.2, 2011 पासून). थ्रेडचा आणि प्रोसेसचा पूल जवळजवळ सारखाच वापरता येतो, त्यामुळे दोन्ही चालवून घड्याळ लावता येतं.
- प्रोसेसना काम मोठ्या गठ्ठ्यांत द्या. प्रत्येक वस्तू पिकल होऊन जाते आणि तशीच परत येते. काम चिमुकलं असेल, तर ही ने-आणच वेळ खाते. मोठे अॅरे असतील तर 3.8 मध्ये आलेली शेअर्ड मेमरी बघा.

काय टाळावे

- "गिल आहे, मग लॉक कशाला?" असं म्हणू नका. काउंटर एकने वाढवणं म्हणजे वाचणं, मिळवणं, परत लिहिणं. थ्रेडची अदलाबदल मधेच होऊ शकते आणि एक वाढ गुपचूप हरवते. टेस्टमध्ये हे दिसेलच असं नाही, म्हणून ते जास्त घातक.
- थ्रेड सुरू झाल्यावर फोर्क करू नका. नव्या प्रोसेसमध्ये फोर्क करणारा एकच थ्रेड येतो. दुसऱ्या कुणी धरलेलं लॉक मात्र बंद स्थितीतच येतं आणि सोडणारा कुणी नसतो. प्रोग्रॅम गोठतो, लॉगमध्ये काहीच नाही. 3.12 पासून पायथन याबद्दल इशारा देतो. मॅकवर 3.8 पासून आणि लिनक्सवर 3.14 पासून फोर्क ही मूळ पद्धत राहिलेली नाही.
- मुख्य फाइलमध्ये 'मेन'ची अट घातल्याशिवाय प्रोसेस सुरू करू नका. विंडोज आणि मॅकवर नवी प्रोसेस तीच फाइल पुन्हा इंपोर्ट करते.
- लॅम्डा प्रोसेस पूलला देऊ नका. ती पिकल होत नाही.
- आठ प्रोसेस, आणि प्रत्येकीत नमपायच्या मागच्या गणिती लायब्ररीचे आठ थ्रेड, असा चौसष्टचा गोंधळ घालू नका. मेमरीही प्रोसेसगणिक वाढते.
- गिल गेला असं गृहीत धरू नका. सॅम ग्रॉस यांच्या पेप 703 नंतर गिलविना पायथन 3.13 मध्ये (ऑक्टोबर 2024) प्रायोगिक म्हणून आलं आणि 3.14 मध्ये अधिकृत झालं. पण ते वेगळं बिल्ड आहे. गिलविना चालण्याची ग्वाही न देणारं एखादं सी एक्स्टेंशन इंपोर्ट झालं, की गिल परत चालू होतो. तो चालू आहे का, हे सिस मॉड्यूलला विचारता येतं. सगळी इंपोर्ट झाल्यावर विचारा.