पोटगीची बाकी वसूल करताना

पोटगीचा हुकूम झाला की अशील पेढे घेऊन येते. पेढा खा, पण फाइल कपाटात टाकू नकोस. आपलं काम तिथून पुढे सुरू होतं. हुकूम वकीलसाहेब मिळवतात. त्याचे पैसे लेकरापर्यंत पोचतात की नाही हे बरंचसं कागद सांभाळणाऱ्यावर, म्हणजे आता तुझ्यावर आहे. या टेबलावर बसून मला जे उमगलं, ते सांगते.

हुकूम शेवटून वाच. आईला किती, मुलाला किती आणि कधीपासून, हे सगळं शेवटच्या परिच्छेदात असतं. ‘रजनीश विरुद्ध नेहा’ हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. त्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. पण हुकमात तारीखच लिहिली नसेल, तर समोरचे वकील पोटगीच्या कलमावर बोट ठेवून हुकमाच्या तारखेपासून मोजतात, आणि दीड-दोन वर्षांच्या रकमेवरून भांडण लागतं. ती ओळ राहिलेली दिसली तर त्याच दिवशी साहेबांना दाखव. नकलेचा अर्जही त्याच दिवशी टाक.

हिशेबाचा तक्ता महिन्यागणिक कर, गोळाबेरीज नको. जून : देणे ६,०००, १४ तारखेला यूपीआयने जमा २,०००, बाकी ४,०००, पुढे पासबुकाचं पान. बाप म्हणेल, ‘शाळेची फी मी भरली, ती वजा करा.’ तू वजा करू नकोस आणि लपवूही नकोस. शेऱ्याच्या रकान्यात लिही. वजावट द्यायची की नाही ते कोर्ट ठरवेल. जमा झालेला एक हप्ता जरी तू दाखवायचा विसरलीस, तरी समोरचे वकील अख्खा तक्ता खोटा म्हणून नाचवतील.

मुदतीवर डोळा ठेव. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, म्हणजे आपलं जुनं १२५, सांगतं की रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज हवा. नाहीतर त्या महिन्यासाठी वॉरंट निघत नाही. ‘या दिवाळीत देतो, पुढच्या पाडव्याला देतो’ करत वर्ष कसं सरतं ते अशिलाला कळत नाही. म्हणून डायरीत दहाव्या महिन्यावर खूण कर. हिंदू विवाह कायद्याखालचा अंतिम हुकूमनामा असेल तर दिवाणी दरखास्त होते, तिची मुदत १२ वर्षं. कोणता हुकूम कोणत्या कायद्याखाली झाला, हे फाइलच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेव.

‘मिळून आला नाही’ या शेऱ्यासह वॉरंट परत आलं, तर आधी आपण दिलेला पत्ता तपास. लग्नपत्रिकेवरचा पत्ता चालत नाही. सध्या राहतो कुठे, घरी कधी सापडतो, कामाचं ठिकाण कोणतं, हे अशिलाला विचारून अर्जातच लिही. वॉरंटचा जावक क्रमांक घे आणि पोलीस ठाण्यात बारनिशीला चौकशी कर की बजावणी कोणाकडे दिली आहे.

पैसा कुठे आहे हे आपणच शोधायचं असतं. सरकारी नोकर असेल तर पगार काढणारा आहरण व संवितरण अधिकारी कोण, त्याचा नेमका हुद्दा लिही. दिवाणी दरखास्तीत पोटगीसाठी पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीतून सुटतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली तर मालकालाच परस्पर रक्कम द्यायला सांगता येतं. शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ-अ काढ. धंदेवाला असेल तर त्याचं मालमत्ता व उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र ओळ न् ओळ वाच. मासिक उत्पन्न ९,००० आणि गाडीचा हप्ता ११,००० असं लिहिणारे महाभाग असतात. असे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून साहेबांच्या हाती दे. उलटतपासाला तेवढं पुरतं.

‘महिनाभर आत जाऊन आलो, आता फिटलं,’ म्हणणारेही भेटतील. कैद ही पैसे काढण्यासाठी असते, तिने बाकी फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘कुलदीप कौर’ निकालात हे स्पष्ट केलं आहे. तक्त्यातली ती ओळ खोडू नकोस.

कोर्टाच्या व्हरांड्यात कोणी नोटा पुढे केल्या तर हात मागे घे. पैसे खात्यात भरायला सांग किंवा कोर्टात जमा होऊ देत, आणि कोणत्या महिन्यांचे ते पुरसीसमध्ये येऊन रोजनाम्यावर चढू दे. समोरच्याचा फोन आला तर तारीख-वेळ टिपून साहेबांना दे. तू वाटाघाटी करू नकोस. त्याची नोकरी खरंच गेली असेल तर रक्कम बदलून मागायचा अर्ज करायला त्याला वकील आहे. तोवर जुनाच हुकूम चालतो. तडजोडीत आई कंटाळून ‘काहीच नको’ म्हणते, तेव्हाही मुलाचा रकाना वेगळा ठेव. आईने आपला हक्क सोडला म्हणून मुलाचा सुटत नाही, हे साहेबांनी तिला सांगेपर्यंत सहीसाठी कागद पुढे करू नकोस.

अशिलाशी बोलताना ‘पुढच्या तारखेला पैसे मिळतील’ असं कधी म्हणू नकोस. पुढच्या तारखेला काय होणार तेवढं सांग, पोराला शाळा बुडवून आणू नकोस म्हणावं, आणि पासबुक भरून आणायची आठवण कर. धनादेश मिळाला म्हणून तक्त्यात खूण करायची नाही. तो वटून रक्कम खात्यावर दिसली, की मगच.