गंज काढायला वीज कुठली घ्यावी?

विजेने गंज काढण्याच्या कृतीत सोड्याच्या पाण्याबद्दल सगळे भरभरून सांगतात. वीज कुठून घ्यायची, यावर मात्र ‘बॅटरीचा चार्जर लावा’ एवढंच. माणूस अडतो तो नेमका तिथेच.

चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून भंगारातला एक पाईप पाना मी प्लास्टिकच्या बादलीत सोडला आणि गाडीच्या बॅटरीचा नवा ऑटोमॅटिक चार्जर जोडला. एक बुडबुडा येईल तर शपथ! नुसता लाल दिवा लुकलुकत राहिला. चार्जर बिघडला नव्हता. हल्लीचे चार्जर समोर बॅटरी आहे का, हे तिच्या व्होल्टेजवरून आधी तपासतात आणि मगच वीज सोडतात. बादलीत ते व्होल्टेज कुठून येणार? जुना, वजनदार ट्रान्सफॉर्मरचा चार्जर असली चौकशी करत नाही. एखाद्या गॅरेजात धूळ खात पडलेला मिळाला, तर तोच आणा.

नाही मिळाला, तर एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस घ्या. फक्त सोडा जास्त झाला किंवा आतली लोखंडं फार जवळ आली की करंट वाढतो आणि एसएमपीएस बंद-चालू होऊ लागतो. त्यावर मला सगळ्यांत पटलेला उपाय म्हणजे मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकणं. तो तापतो, म्हणून बादलीपासून लांब ठेवा. बादलीत तारा एकमेकींना चिकटल्या तरी करंट साडेचार अँपिअरच्या आसपास थांबतो. बल्बची तार मंद लालसर दिसतेय तोवर काम बरं चाललंय. लख्ख पेटला की आत काहीतरी टेकलं म्हणून समजा.

मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर स्क्रू-खिळ्यांना पुरतो, पण फार वेळ घेतो. हे काम नेहमीचं असेल, तर व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही कमी-जास्त करता येणारा पॉवर सप्लाय विकत घ्यावा, पैसे वसूल होतात.

काही जण घरातली २३० व्होल्टची वीज डायोड आणि बल्बमधून थेट बादलीत सोडतात. कळकळीने सांगतो, हे करू नका. बल्ब करंट रोखतो, पण पाण्यात फेज उतरलेला असतो आणि नुसता हात बुडवला तरी जीव जाऊ शकतो. मेन लाइन आणि बादली यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच.

मायनस गंजलेल्या वस्तूला, प्लस साध्या सळईच्या तुकड्याला. उलट जोडलं तर वस्तूच झिजते. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील लावू नका, पाण्यात क्रोमियमचं विषारी संयुग तयार होतं. सोड्याऐवजी मीठही नको, त्यातून क्लोरीन निघतो. वर येणाऱ्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा आणि आधी स्विच बंद करून मगच चिमटे काढा. चालू तारेचा चिमटा सुटताना ठिणगी उडते.