सुटलेली बोटं

चि. सुरज,

तुझा तो व्हिडिओ तालमीतल्या पोरांनी दहा-दहा वेळा बघितला. गडी कमरेतून उचलून मागं फेकलास, माझाही ऊर भरून आला. पण तुझ्या कोचशी फोनवर बोलणं झालं. सरावात तू आता नुसत्या फेकीच मारतोस, आणि मोबाईल धरायला एक पोरगं उभं करतोस म्हणे. म्हणून लिहायला बसलो.

ग्रीको-रोमनमध्ये पट नाही, आकडी नाही. कमरेच्या वरचाच माणूस तुझ्या वाट्याला. तिथं बोटांशिवाय आहेच काय?

रशियाच्या कारेलिनचं बघ. पालथ्या पडलेल्या गड्याला मागून विळखा घालायचा, मॅटवरून उपटायचा आणि मागं फेकायचा, हा डाव हलक्या वजनातली पोरं करायची. नोवोसिबिर्स्कच्या या पठ्ठ्यानं तो 130 किलोच्या गटात केला. 1988 ला सोलच्या फायनलमध्ये बल्गेरियाच्या गेरोव्स्कीविरुद्ध तो मागं होता, काही सेकंदच उरलेले. हाच डाव काढला आणि 5-3 नं सोनं नेलं. पुढं बार्सिलोना, अटलांटा, नऊ जागतिक विजेतेपदं. तीन ऑलिम्पिकच्या संचलनात झेंडा त्याच्याच हातात होता. आधी सोव्हिएतचा, मग ऑलिम्पिकचा, मग रशियाचा. 1999 ला तर तो संसदेतही गेला. कुस्तीगिराला एवढं प्रेम क्वचितच मिळतं.

आणि 2000 चं सिडनी. समोर अमेरिकेचा रुलॉन गार्डनर, वायोमिंगमध्ये गाईंच्या गोठ्यात राबून वाढलेला. 1997 ला कारेलिननंच त्याला उचलून आपटलं होतं. कारेलिन तेरा वर्षं आंतरराष्ट्रीय कुस्ती हरला नव्हता. दुसऱ्या फेरीला दोघांनी छातीला छाती भिडवून हात गुंफले. ज्याचे हात आधी सुटतील त्याच्या विरोधात गुण जाणार, असा तेव्हाचा नियम. कारेलिनची बोटं क्षणभर सुटली. पंचांना चित्रफीत पुन्हा बघावी लागली, इतकी थोडी. गार्डनर 1-0 नं पुढं. मग उरलेला सगळा वेळ तो गुण काही फिटला नाही.

त्याच्या उचलीवर जग वेडं झालं, पण ती उचल त्या बोटांवर उभी होती रे!

हे मी स्वतः भोगलंय. जत्रेच्या फडात एकदा माझा विळखा पक्का बसला, हलगी तापली, माणसं उठून उभी राहिली. माझं लक्ष तिकडं गेलं आणि हात ढिले पडले. गडी निसटला, वरचढ झाला. त्या माणसांचं प्रेम खोटं नव्हतं. तुझ्या व्हिडिओखाली लिहिणाऱ्यांचंही नाही. चूक माझ्या हातांची होती.

पहाटे पायाचा आधार न घेता दोर चढत जा. ओला टॉवेल पिळायची सवय मोडू नकोस. खुराकाचे पैसे कमी पडले तर कळव, लाजू नकोस.

दिवाळीला आलास की आधी माझी मनगटं धर. साठी उलटली तरी सोडवून घ्यायचा जोर अजून आहे माझ्यात.

तुझा,
वस्ताद